देव शुक्रवारी येतो

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा फ्रिज आजारी पडला. एकदम बंद पडला नाही. मागच्या बाजूने दर तीन-चार मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज यायचा, मग दमेकऱ्यासारखा सुस्कारा, मग सामसूम. बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी. सकाळचं दही संध्याकाळपर्यंत आंबटढाण. बदलापूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पेपरात मुंबईचं तापमान वाचून आम्ही हसतो, इतकं आमचं वेगळं असतं.

सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन गेला. दार उघडून, आत डोकावून, त्याने मिनिटभरात निकाल दिला. कॉम्प्रेसर गेला, सात हजार. नाहीतर एक्स्चेंज ऑफरमध्ये नवीन घ्या. त्याने फ्रिज भिंतीपासून ओढूनही पाहिला नव्हता.

भाचा सुट्टीला आला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, दिवसभर लॅपटॉपवर परदेशी मालिका. तो म्हणाला, “मावशी, तुझ्यासाठी देव शोधलाय. फ्रिज रिपेअर करतो.”

मला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण खरंच होतं. ‘दि ऑलमायटी जॉन्सन्स’ नावाची न्यूझीलंडची मालिका. 2011 ते 2013 अशी तीन सीझन चालली. ऑकलंडमध्ये चार भाऊ राहतात आणि ते चौघेही उत्तरेकडच्या जुन्या देवांचे अवतार आहेत. नॉर्वे-स्वीडन-आइसलंडकडचे ते देव: ओडिन, थोर, लोकी ही मंडळी. त्यांच्या पूर्वजांनी समुद्र ओलांडताना देवही सोबत नेले, आणि देवपण पिढ्यांमधून उतरत उतरत या पोरांपर्यंत आलं. उतरलं हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या. थोरला भाऊ बांधकामाची कामं करतो. तो खेळांचा देव, म्हणून कुठल्याही खेळात हरत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी कोणी खेळत नाही. दुसरा काव्याचा देव ब्रागी. तो काय करतो? पब्लिक रिलेशन्सची एजन्सी चालवतो. काव्याच्या देवाला आजच्या जगात दुसरी नोकरी मिळालीच नसती, हे लिहिणाऱ्यांनी अचूक ओळखलंय. धाकटा अ‍ॅक्सल एकवीस वर्षांचा होतो त्या दिवशी त्याला कळतं की आपण ओडिन, सगळ्या देवांचा बाप. आता त्याला फ्रिग नावाची देवी, म्हणजे आपली बायको, मुलींच्या गर्दीतून शोधून काढायची आहे. ती सापडली की साऱ्यांच्या शक्ती परत येणार.

आणि तिसरा भाऊ टाय. अंधाराचा आणि थंडीचा देव होड. तो फ्रिजची कामं करतो.

मी लॅपटॉप बंद करायला लावला आणि जोरात हसले. मग स्वयंपाकघरातून ‘टक्’ ऐकू आलं.

मजा संपल्यावर मात्र ती गोष्ट डोक्यातून जाईना. होडची मूळ कथा क्रूर आहे. तो आंधळा. त्याचा भाऊ बाल्डर सगळ्यांचा लाडका, त्याला कशानेच इजा होत नाही. फक्त मिसलटो या एका क्षुल्लक झुडपाकडून इजा न करण्याची शपथ घ्यायची राहून गेलेली. लोकी त्या झुडपाची काडी आंधळ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, तूही गंमत म्हणून मार की. बाल्डर मरतो. दुर्योधनाची मांडी आणि कृष्णाचा तळपाय एकाच कथेत आणल्यासारखं वाटतं. असल्या शापाचं ओझं घेऊन आलेला देव ऑकलंडमध्ये लोकांचे फ्रिज दुरुस्त करत हिंडतो, त्याच्या अंगाला कायम गारठा, आणि घरचे म्हणतात, जरा लांब बस.

शेवटी शेजारच्या वहिनींनी एक नंबर दिला. अंबरनाथचा माणूस. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कूलिंग प्लांटच्या मेंटेनन्सला आहे, घरगुती कामं फक्त शुक्रवारी करतो, कारण आमच्याकडच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी असते. भाचा ओरडलाच, “फ्रायडे! फ्रिगचा वार!” इंग्रजी वारांमध्ये हे देव अजून नोकरीला आहेत, हे मला माहीत होतं: बुधवार ओडिनचा, गुरुवार थोरचा, शुक्रवार फ्रिगचा. आपल्याकडे त्याच दिवशी शुक्राचा तारा, जिवतीची पूजा, संतोषी मातेचे चणे-गूळ, आणि एमआयडीसीची सुट्टी.

तो आला. पन्नाशीचा, शर्टच्या खिशात टेस्टर, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पाणी नको म्हणाला. फ्रिज एकट्याने तिरका करत पुढे ओढला, मागे उकिडवा बसला आणि पहिली गोष्ट केली ती ही: उजव्या हाताची उलटी बाजू कॉम्प्रेसरच्या काळ्या घुमटावर ठेवली. आई तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तशी. डोळे मिटले. ‘टक्’ झालं. “थांबा,” म्हणाला, कोणाला कोण जाणे. पुन्हा ‘टक्’.

“ताई, कॉम्प्रेसर चांगलाय. चालू व्हायला बघतोय बिचारा, रिले साथ देत नाही. रिले गेला की ओव्हरलोड तोडतो, थंड झाला की परत जोडतो. तोच आवाज.” त्याने प्लग काढला, बाजूची प्लॅस्टिकची टोपी काढली आणि एक काळी, आगपेटीएवढी वस्तू ओढून काढली. कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. “बघा. फुटलाय.” मग माझ्याकडे न बघता: “लोक इथंच कॉम्प्रेसर बदलायला लावतात.”

आगपेटीएवढी म्हटलं ते मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. पण बोलता बोलता त्याने सांगितलं की त्याचे आजोबा विम्कोला होते. अंबरनाथकरांना विम्को नाका ठाऊक असतो. नाक्याचं नाव उरलंय, कारखाना नाही. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, 1923 सालची, स्वीडिश मॅच या कंपनीने इथे काढलेली. म्हणजे ज्या देशांत थोर-ओडिन एकेकाळी पुजले जात, त्यांतल्या एका देशातली माणसं शंभर वर्षांपूर्वी अंबरनाथला येऊन राहिली होती, काड्यापेट्या बनवत. सोबत देव आणले असतील, तर ते काड्यापेटीच्या मापाचेच. भाच्याला हे सांगितलं तर त्याने मान डोलावली आणि एवढंच विचारलं, मग लोकी कुठे गेला?

देव माणूस होऊन मजुरीला लागतो ही कल्पना भाच्याला नवी वाटली, याचं मला जास्त नवल वाटलं. आपल्याकडे हा तर जुना धंदा. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं गोदावरीचं पाणी कावडीने वाहत होता. तो रांजण अजून नाथांच्या वाड्यात दाखवतात. जनाबाईच्या जात्याला हात लावायला विठ्ठल यायचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, तेव्हा तोच विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याचे पैसे मोजून दिले आणि रीतसर पावती घेऊन आला. पावतीची गोष्ट मला फार आवडते. चमत्कार करायचाच तर देव मोहोरांचा पाऊस पाडू शकला असता. त्याने हिशेब चुकता केला.

खंडोबा तर बाणाईसाठी तिच्या बापाच्या मेंढ्या राखायला राहिला. ‘जय मल्हार’ मालिकेत ते सगळं भंडाऱ्याच्या ढगात आणि सोन्याच्या मुकुटात गेलं. मेंढ्यांच्या लेंड्या कुठे दिसल्या नाहीत. तमाशातल्या गवळणीत मात्र देव अजून गल्लीतला टोणगाच आहे. वाट अडवतो, पैसे मागतो, मावशीकडून शिव्या खातो. पाश्चात्त्य मालिकावाले ज्याला धाडस समजतात ते आपल्या फडावर रोज रात्री होत होतं.

पण एक फरक आहे, आणि तो मला फ्रिज दुरुस्त होईपर्यंत सुचला नव्हता. जॉन्सनांच्या घरात ओळख पटते आणि गोष्ट सुरू होते. तू ओडिन आहेस, चल, कामाला लाग, शक्ती मिळव. आपल्याकडे ओळख पटली की गोष्ट संपते. द्वारकेहून देवाला शोधत आलेला ब्राह्मण नाथांच्या दारात उभा राहतो, विचारतो, इथे श्रीखंड्या कोण? आणि त्या क्षणी कावड रिकामी. बारा वर्षं पाणी प्यायलेल्या घराला कळतं तेव्हा गडी निघून गेलेला असतो. विठू महारही पावती देऊन गेला तो गेलाच. आपल्या देवाला ओळखणं म्हणजे त्याला घालवणं.

याची दुसरी बाजू कडू आहे, तीही सांगते. विठ्ठल एका खेपेपुरता महार झाला, आणि त्याचं कौतुक शतकानुशतकं कीर्तनात झालं. ज्यांना ते जन्मभर असावं लागलं त्यांना त्याच देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती. चोखोबांची समाधी पायरीशीच आहे. साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसावं लागलं तेव्हा दार उघडलं. देवाचं वेषांतर ऐच्छिक असतं, माणसाचं नसतं. हे त्या न्यूझीलंडच्या मालिकेला लागू पडतं की नाही मला माहीत नाही, पण माझ्या मनात आलं ते असं.

उल्हासनगरला वेषांतर सगळ्या गावालाच करावं लागलं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिली गेली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन तिचं गाव झालं. कॅम्प नंबर एक ते पाच. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प चार’ म्हणतात. पत्त्यातली छावणी काही निघाली नाही. सिंधमध्ये ज्यांच्या हवेल्या होत्या ते बराकीत राहिले, लोकलमध्ये पापड आणि गोळ्या विकल्या. मग कपडा, फर्निचर, जीन्स, आणि तो प्रसिद्ध विनोद: मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आम्ही शाळेत असताना उल्हासनगरचा माल म्हणजे डुप्लिकेट असं समजायचो, आणि सणाला कपडे तिथूनच घ्यायचो.

त्यांचा देव झूलेलाल. त्याची गोष्ट मला एका सिंधी मैत्रिणीच्या सासूबाईंनी कॅम्प पाचमधल्या त्यांच्या घरी सांगितली, पापड भाजता भाजता. मिरखशाह नावाच्या राजाने धर्म बदलायचा हुकूम काढला. लोक सिंधूच्या काठी उपाशी बसले. नदीने सांगितलं, नसरपूरला रतनचंदच्या घरी पोर जन्मेल. पाळणा आपोआप हलायचा म्हणून तो झूलेलाल. पण मला लक्षात राहिलं ते मधलंच. पोराची आई त्याला रोज उकडलेले चणे भरलेलं भांडं देऊन बाजारात विकायला पाठवायची. देव, पण चणेवाला. पोरगा बाजारात जायचाच नाही. नदीवर जायचा, अर्धे चणे भिकाऱ्यांना वाटायचा, अर्धे नदीत सोडायचा, आणि संध्याकाळी पाण्यातून भांडं वर काढायचा तर त्यात उत्तम तांदूळ. आईला काय, गल्ला भरलाय एवढं कळे. सासूबाई म्हणाल्या, “आमचे पण लोक इथे आले तेव्हा चणेच विकत होते.” एवढंच म्हणाल्या आणि पापड उलटला.

कॅम्प पाचच्या चालिया साहिब मंदिरात अखंड जोत आहे. ती सिंधमधून आणली असं सांगतात. चाळीस दिवसांचे उपास होतात तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी एकदा गेले होते. झूलेलालच्या पाठीमागे निळं पाणी रंगवलेलं, तो पल्ला माशावर बसलेला, पांढरी दाढी. वाऱ्यासारखं मनात आलं की याला इथे आणलं खरं, पण नदी कुठली द्यायची? सिंधूच्या देवाला वालधुनी?

वालधुनी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या पायथ्यावरून वाहते. मंदिर शके 982 चं, म्हणजे 1060 सालचं, शिलाहारांचं. त्याच्या भिंतीवरची शिल्पं पाहायला दुरून लोक येतात. गाभारा जमिनीच्या खाली आहे. वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं, वर शिखर उघडं, आभाळ दिसतं. मेच्या दुपारी त्या पायऱ्यांवर एकेक पाऊल टाकलं की गारवा आधी घोट्यांना लागतो, मग गुडघ्यांना. गावात म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून शिखर अपुरं राहिलं. पांडवांचं नाव इथे यावं हे मला बरोबर वाटतं. देवांचीच पोरं ती, विराटाच्या घरी अज्ञातवासात स्वयंपाकी, नाचाचा मास्तर, घोड्यांचा आणि गुरांचा राखणदार. आणि त्यांची अट तर ठरलेलीच: ओळखलं गेलं की सगळं पहिल्यापासून.

मंदिरात घंटा, बाहेर नदी. नदीचा रंग दिवसावर अवलंबून असतो. जीन्स धुण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा निळी असायची. काही दिवस लालसर. वास मात्र बाराही महिने. 2014 च्या अखेरीस एका रात्री उल्हासनगरला नदीत कोणीतरी टँकरमधून रसायन सोडलं, वायू पसरला आणि शेकडो माणसं गुदमरून हॉस्पिटलात गेली. उल्हास आणि वालधुनीसाठी वनशक्ती संस्थेने हरित लवादाकडे दाद मागितली, आदेश निघाले, दंड झाले. नदीला त्यातलं किती कळलं ते नदीलाच ठाऊक.

याच कारणाने भाच्याने दाखवलेली दुसरी मालिका माझ्या जास्त जवळ आली. ‘रॅग्नारोक’, नॉर्वेची, नेटफ्लिक्सवर 2020 ते 2023. एड्डा नावाचं कल्पित गाव. चित्रण ओड्डा या खऱ्या गावात झालं, जिथे कार्बाइडचा कारखाना कित्येक वर्षं चालून 2003 मध्ये बंद पडला. चष्मा घातलेला, अडखळत वाचणारा माग्ने नावाचा मुलगा आईबरोबर तिथे राहायला येतो. एक म्हातारी त्याच्या कपाळाला हात लावते आणि तो थोर होतो. गावातली सगळी नोकरी युतुल कुटुंबाच्या कारखान्यात, पिण्याचं पाणी नासलंय, डोंगरावरचा बर्फ वितळतोय. युतुल म्हणजे साक्षात राक्षस, पुराणातले. त्यांचं आलिशान घर, गाडी, शाळेचं मुख्याध्यापकपदही त्यांच्याकडेच.

मी ती मालिका लोकलमध्ये पाहिली, बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात, जागेसाठी अंबरनाथहून रिटर्न आलेल्या बायकांच्या खांद्यांमध्ये चेपून. उल्हासनगर गेलं की खिडकीतल्या बाया आपोआप पदर नाकाला लावतात. पडद्यावर माग्ने हातोडा शोधत होता. मला त्याचा हेवा वाटला. त्याला मारायचं कोणाला ते माहीत होतं. आमच्याकडे युतुल नाहीत. असंख्य लहान लहान गाळे, भाड्याने घेतलेले, नाव बदललेले. रात्री दोनला नंबरप्लेट झाकलेला टँकर. हातोडा फेकायचा कुठे? आणि ज्या अंबरनाथने शंभर वर्षं काडेपेटी, खत, रसायन बनवून अर्ध्या तालुक्याच्या चुली पेटवल्या, तिथल्या माणसाला कारखाना म्हणजे राक्षस हे पटवायचं कसं? माझ्या फ्रिजवाल्याच्या आजोबांची भाकरी त्यातूनच आली.

ज्यांना ‘रॅग्नारोक’ पाहायची आहे त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळावीत. शेवटी मालिकाच असं सुचवते की हे सगळं कदाचित माग्नेच्या डोक्यात होतं, लहानपणी वाचलेल्या कॉमिक्समधून आलेलं. खूप प्रेक्षक चिडले, भाचाही चिडला; मला मात्र तो श्रीखंड्याचाच शेवट वाटला, फक्त रांजण शिल्लक न ठेवता.

ओळख न देता निघून जाणाऱ्यांचा विषय निघाला की 27 जुलै 2019 ची आठवण येतेच. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदी रुळांवर आली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली. कोल्हापूरच्या देवीच्या नावाची गाडी, आत हजारांहून जास्त माणसं, चारही बाजूंना तपकिरी पाणी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं. त्याच्या आधी चामटोली गावाकडची माणसं आली होती, पाण्यातून चालत. टीव्हीवर एक गरोदर बाई बोटीतून उतरताना दाखवली. तिला हात देणारा जो माणूस होता त्याच्या अंगात बनियन आणि कमरेला टॉवेल. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव शोधलं. नव्हतं.

इकडे फ्रिजचा रिले बसवून झाला. फ्रिजवाल्याने प्लग लावला आणि पुन्हा हाताची उलटी बाजू घुमटावर. या वेळी ‘टक्’ झालं नाही. बारीक घुमघुम सुरू झाली, इतकी हळू की आधी मला ती ऐकूच आली नाही. त्याला आली. “लागला,” म्हणाला. मग साबणाचा फेस करून पाइपच्या जोडांना लावला, गॅस गळतोय का बघायला. फुगा आला नाही. “गॅस आहे. भरायला नको.” दाराचा रबर जरा सुटला होता, तोही गरम पाण्याने शेकून बसवला, त्याचे पैसे लावले नाहीत. दोन तास काही ठेवू नका, म्हणाला, मग ठेवा.

भाच्याने तोवर धीर धरला होता. फ्रिजवाला गेल्यावर म्हणाला, “मावशी, नाव तरी विचारायचं.”

राहिलंच. माझ्या फोनमध्ये तो ‘फ्रिज अंबरनाथ’ आहे. कोणाला गरज पडली तर मला सांगा, बोलून देते. येतो फक्त शुक्रवारी. रिलेसकट साडेचारशे घेतले. गॅस भरावा लागला तर वेगळे.